शून्यावर राहिलेली बारा घरं

थांबा जरा. आत जाऊ, मावशीचा हात बघू, फळं देऊ, सगळं करू, पण आधी इथे जिन्यात बसा. चष्मिश, घर तुझं असलं तरी तू पण बस आणि दार लोटून घे. मला एक गोष्ट सांगायचीय आणि ती थेट मावशीसमोर काढायला माझी जीभ रेटणार नाही, म्हणून आधी तुमच्यावर प्रयोग. मधे बोलू नका फक्त. मी एकदा थांबले की परत सुरू व्हायची नाही.

परवा दुपारी त्या धुळीच्या वादळात लाईट गेली ना, चाळीस मिनिटं? ती मी घालवली. मी म्हणजे मीच, हे बोट. हसताय काय, खरं सांगतेय.

तुम्हाला माझं काम कधी धड कळलंच नाही. तुमच्या मते मी एसीत बसून मोठ्ठा टीव्ही बघते. तेही खोटं नाही म्हणा. त्या टीव्हीवर मधोमध एक आकडा असतो, पन्नास. लोक जेवढी वीज ओढतात तेवढीच, त्याच क्षणाला, कुठून तरी यावी लागते. नाही आली की पन्नास खाली घसरतो. एकोणपन्नासच्या खाली गेला की यंत्रं स्वतःचा जीव वाचवायला आपणहून सुटायला लागतात. एक सुटलं की त्याचा भार दुसऱ्यावर, दुसरं सुटलं की तिसऱ्यावर, आणि मग चाळीस मिनिटं नाही, दोन-दोन दिवस अख्खं शहर बंद. त्या आकड्याला धरून बसायचं, एवढंच माझं काम.

बाबा म्हणतात पूर्वी हे सोपं होतं. बाबा एकतीस वर्षं कोळशाच्या प्लांटमध्ये टर्बाइनवर होते, तो गेल्या वर्षी बंद झाला. त्यांचं एक ठरलेलं भाषण आहे, की आमचं चाक एवढं जड होतं की धक्का बसला तरी त्याला पत्ता लागायला वेळ जायचा, तुमचं सगळं ऊन-वाऱ्यावर, कोणी शिंकलं तरी हलतं. मग मी म्हणते, त्याच प्लांटने तुमची फुप्फुसं खाल्ली, बाबा. नाकात नळी असते ना त्यांच्या. पलंगाजवळ ते ऑक्सिजनचं मशीन, चोवीस तास घरघर करत. बंद पडलं तर न हलता, न बोलता पंधरा मिनिटं काढतात. वीस म्हणजे डोक्यावरून पाणी.

आणि त्यांचं एक वेड. मशीनच्या आवाजावरून ते मला ग्रिड सांगतात. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की चप्पल काढायच्या आत, काय गं, अकराच्या सुमाराला तुमचा पन्नास ढिला झाला होता का? आम्ही हसायचो. मग एकदा मी ऑफिसात जाऊन खरंच नोंद काढली, तर अकरा वाजून चार मिनिटांनी आकडा खाली गेलेला. मी त्यांना कधी सांगितलं नाही. चढले असते नुसते.

आता बॅटरी. तुमच्या डोक्याचा भुगा केला होता ना मी, भिंतीवर बॅटरी लावा, योजनेत या म्हणून? एजंटबाई म्हणायचात मला. दिवसा उन्हावर भरायची, आणि ग्रिड अडचणीत आली की कंट्रोल रूममधून आम्ही बटण दाबून घराघरातून थोडी थोडी ओढायची. थोडीच हं. साठ टक्के त्या घरासाठी राखून ठेवायची, वरची फक्त आमची. चाळीस हजार घरं आहेत आज. तुमच्यापैकी एकट्या चष्मिशने सही केली, तीही मावशीला मी पटवलं म्हणून. आणि आमच्या घरी तर काय, मीच सगळ्यात शहाणी. कोपऱ्यात दोन ऑक्सिजनचे सिलिंडर उभे असायचे, अडीअडचणीला. मी म्हटलं, बाबा, आता बॅटरी आहे, हे लोखंड कशाला? बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सिलिंडर परत पाठवले. माझ्या शब्दावर.

योजना सुरू व्हायच्या आधी आम्ही बारा घरांवर चाचणी घेतली होती. ओळखीपाळखीची बारा घरं, पहिलं आमचं, बारावं कोणाचं ते सांगते नंतर. एक घर जास्तीत जास्त किती देऊ शकतं ते साहेबांना दाखवायचं होतं, म्हणून मी त्या बाराही घरांचा साठाचा आकडा शून्य केला. राखीव काहीच नाही, सगळं काढून घेता येईल असं. चाचणी झाली, टाळ्या वाजल्या. शून्याचं परत साठ करायचं म्हणून मी पिवळी चिठ्ठी लिहून माझ्या मॉनिटरला चिकटवली. आमच्याकडे पद्धत आहे, शिफ्ट सोडताना अर्धवट राहिलेलं प्रत्येक काम पुढच्या माणसाला तोंडाने सांगायचं. पण चाचणी हे काही शिफ्टचं काम नव्हतं, माझं होतं, त्यामुळे मी कोणाला सांगितलंच नाही. चिठ्ठी आहे की. आणि पुढच्या आठवड्यात नवे मोठे स्क्रीन आले. माणसं आली आणि जुने मॉनिटर उचलून घेऊन गेली. चिठ्ठीसकट.

पाच महिने झाले त्याला. पाच महिने ती बारा घरं शून्यावर, एवढं ओढायची वेळच आली नाही म्हणून कोणाला कळलं नाही, आणि माझ्या डोक्यातसुद्धा नाही.

परवा मी सकाळच्या शिफ्टला होते, पण सुटले नव्हते, कारण संध्याकाळचा माणूस आजारी. आमच्या इन्चार्ज मॅडमना आम्ही पाठीमागे पन्नासबाई म्हणतो. कधी चढत नाहीत, कधी उतरत नाहीत. शेजारी हवामानवाला. त्याने सकाळी छातीठोकपणे सांगितलेलं की धूळ येईल पण सात वाजता येईल, तोवर ऊन मावळलेलं असेल, आपल्याला काय फरक पडतो. संध्याकाळचा गॅसवर वीज करणारा एक संच त्या हिशोबाने सहाला सुरू करायचा होता.

धूळ आली साडेतीनला.

खिडकी नाही आमच्याकडे, त्यामुळे आधी काही दिसत नाही, फक्त स्क्रीनवरची पिवळी रेघ. ऊन म्हणजे ती रेघ. ती अशी पडायला लागली जशी कोणी हातातून सोडली. हवामानवाला म्हणाला ढग असेल, जाईल. मग पंख्यांची निळी रेघ. मला वाटलं वादळ आहे तर वारा तरी मिळेल, तर उलटंच. वारा इतका पिसाळलेला की पवनचक्क्यांनी स्वतःला ब्रेक लावून घेतले. अकरा मिनिटांत दोन्ही रेघा जमिनीवर. आणि दुसरीकडे अख्ख्या शहराने भर दुपारी दिवे लावलेले, कारण बाहेर अंधारलं होतं.

पन्नासबाईंनी गॅसवाल्याला फोन केला. तो म्हणाला थंड संच आहे, तासभर लागेल, मी फुंकून पेटवू का? मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, घरं घे. मी बटण दाबलं. चाळीस हजार घरांतून एकदम वीज आली आणि तो आकडा, जो एकोणपन्नास पूर्णांक तीनवर लटपटत होता, तो असा वर आला. आठपर्यंत. अंगावर काटा आला माझ्या. हवामानवाल्याने माझ्या पाठीत थाप मारली. मला वाटलं, झालं, जिंकलो. ज्या गोष्टीसाठी तुमच्या शिव्या खाल्ल्या ती गोष्ट शहर उचलून धरतेय.

वीस मिनिटं धरलं त्यांनी. मग एकेक घर आपल्या साठावर येऊन थांबायला लागलं. हे ठरलेलंच होतं, साठ आलं की घर हात वर करतं. यादीत आकडे थांबताना दिसत होते, साठ, साठ, साठ, साठ. आणि यादीच्या वरती, अगदी पहिल्या ओळीत, एक घर थांबत नव्हतं. एकवीस. सतरा.

मला आधी वाटलं काहीतरी बिघडलंय. मग घर नंबर वाचला. एक. खाली दोन, तीन, चार, बारापर्यंत सगळे तसेच ओघळत चाललेले. आणि मला ती पिवळी चिठ्ठी दिसली. खरंच, डोळ्यांसमोर दिसली, माझं अक्षर, कोपरा दुमडलेला.

बटण सोडायचं ना, म्हणाल तुम्ही. बारा घरं वेगळी काढायला सेटिंगमध्ये जावं लागतं, दोघांचे पासवर्ड लागतात, आणि तोवर आकडा परत घसरायला लागला होता. पन्नासबाईंनी गट काढायला सुरुवात केली. गट म्हणजे शहराचे तुकडे, एकेक तुकडा थोडा वेळ बंद करायचा म्हणजे बाकीचं वाचतं. आणि इथे आमच्या रूमची एक रीत आहे. भिंतीवर फळा आहे, कोणाचं घर कोणत्या गटात ते लिहिलेला. ज्याचं घर त्या गटात, बटण त्यानेच दाबायचं. फार पूर्वी शहरात बोंब झाली होती की कंट्रोल रूमवाले आपापली घरं सोडून दुसऱ्यांना अंधारात ठेवतात, तेव्हा पन्नासबाईंनी हे सुरू केलं. पहिला गट हवामानवाल्याचा. त्याने दाबलं. बायको शिव्या घालणार, म्हणाला. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात आमचं कोणी राहत नाही, ते मॅडमनी स्वतः काढले. चौथा माझा.

स्क्रीनवर घर नंबर एक सहा टक्क्यांवर होतं. आई दातांच्या डॉक्टरकडे गेलेली. घरात बाबा एकटे. फोन आमचे बाहेर लॉकरमध्ये असतात, आत फक्त एक लाईन, प्लांटशी बोलायची, तीही रेकॉर्ड होणारी. आणि मी सहाकडे बघत होते आणि ते सहा एकदम गेलं. त्या जागी आलं, संपर्क नाही.

मला वाटलं संपली. बॅटरी संपली.

मी मॅडमना सांगितलं. सगळं, एका दमात, चिठ्ठी, शून्य, सिलिंडर, बाबा. मी काय बोलले ते मला आठवतही नाही, एवढं आठवतंय की मी त्यांच्या खुर्चीचा हात घट्ट धरला होता. म्हटलं, चौथा सोडा मॅडम, पाचवा घ्या, पाया पडते. आकडा एकोणपन्नास पूर्णांक दोन. पन्नासबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदा पन्नासवर नव्हता.

"पाचव्यात कोण कोण मशीनवर आहे, माहीत आहे तुला?"

नाही म्हटलं.

"मलाही नाही. चौथ्यातलं निदान एक घर माहीत आहे, तिथे मी माणूस पाठवू शकते. रीत मोडते आज, तू उठ, मी दाबते."

आणि त्यांनी ती रेकॉर्ड होणारी लाईन उचलली, जिच्यावर आम्ही जेवायची वेळसुद्धा बोलत नाही, आणि अग्निशमनवाल्यांना आमच्या घराचा पत्ता सांगायला लागल्या. माझ्या घराचा पत्ता पाठ होता त्यांना. एका हातात फोन आणि दुसरा हात माझ्या माऊसकडे येत होता.

मी उठले नाही. का, ते विचारू नका. मला वाटलं, दुसऱ्या कोणी दाबलं तर मी जन्मभर त्या बाईकडे बघून तोंड वाकडं करीन. एकोणपन्नास पूर्णांक एक. मी दाबलं.

चौथा गट गेला. आकडा थांबला.

मग चाळीस मिनिटं. मला वाटायचं आपण घाबरलो की रडतो, धावतो, काहीतरी करतो. मी काहीच केलं नाही. खुर्चीवरून उठता येत नव्हतं, कारण संच सुरू होताना दर मिनिटाला काहीतरी बघायचं, काहीतरी दाबायचं. माझे हात काम करत होते आणि मी आत नुसती मिनिटं मोजत होते. पाच. ते पलंगावर बसले असतील, पुढे वाकून, हात गुडघ्यांवर, तसे बसतात ते. दहा. नळी काढून टाकली असेल. पंधरा. मी नेहमी त्यांना ओरडते की सारखे दाराकडे बघत बसू नका, आई येईल तेव्हा येईल. सोळा. अग्निशमनवाले पोचले का? त्या धुळीत रस्ता दिसत असेल का? वीस झाली तेव्हा मी मोजणं सोडलं. हवामानवाला माझ्याकडे बघेना. त्याने एकदा फक्त पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला, आणि तोही स्क्रीनकडे बघत.

संच लागला. एकेक गट परत जोडला. चौथा जोडला आणि पन्नासबाईंनी ती लाईन माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, कर.

चार वेळा वाजला. पाच वेळा. आठव्या वेळेला उचलला.

"काय गं, ड्युटीवरून फोन कसा केलास?"

मागे मशीन घरघरत होतं. मग ते सांगायला लागले, धापा टाकत, चार शब्द आणि श्वास, चार शब्द आणि श्वास. मशीनचा आवाज जड व्हायला लागला तेव्हाच त्यांना कळलं की आता गट निघणार. उठले. भिंतीपर्यंत गेले. बघतात तर लाईट असूनसुद्धा बॅटरी रिकामी होतेय, पेटीवरचा बाण बाहेरच्या बाजूला. त्यांनी खटका ओढून घर ग्रिडपासून तोडलं, फ्रीज, पंखा, इंटरनेटचा डबा, सगळं बंद केलं आणि उरलेल्या सहा टक्क्यांवर फक्त मशीन ठेवलं. मग येऊन बसले. अग्निशमनवाले आले तेव्हा त्यांनाच पाणी विचारलं. मला फोन का नाही केला? कारण ड्युटीवरच्या माणसाला घरून फोन करायचा नसतो. एकतीस वर्षांत आईने एकदाही केला नाही, म्हणाले.

मी तिथे टेबलावर डोकं ठेवून रडले. पन्नासबाई बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आणि गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला आत बसून, पाय पसरून सांगितली असती.

बाबांनी विचारलं, ही शून्यावर कोणी ठेवली?

मी म्हटलं, मी.

"आपलीच फक्त?"

तिकडे मशीन चालू. मग म्हटलं, बारा घरांची.

"मग घरी येऊ नकोस. आधी बाकीच्यांकडे जा."

माझा पासवर्ड त्याच संध्याकाळी बंद झाला. बरोबर आहे, मीच सगळं लिहून दिलं. कंट्रोल रूममधून आता मला काही करता येत नाही, आणि ऑफिसातले साहेब म्हणतात चौकशी होईपर्यंत त्या बारांना हात लावायचा नाही. पण घरातल्या पेटीवरून घरच्या माणसाला आकडा बदलता येतो. म्हणून मी दारोदार फिरतेय, दोन दिवस. म्हणून तुमचे फोन उचलले नाहीत. दार उघडलं की आधी सांगायचं की तुमची बॅटरी मी रिकामी केली, आणि मग म्हणायचं, दाखवता का जरा, साठ करू. घर नंबर चारमधले एक म्हातारे जिन्यावर चढवणाऱ्या खुर्चीत मधेच अडकले होते, चाळीस मिनिटं, ना वर ना खाली. ते हसत सांगत होते, सुनेच्या हातात सापडलो, सगळं ऐकून घ्यावं लागलं. सातमध्ये माशांची टाकी. हवेचा पंप बंद पडला. एक छोटी मुलगी मला बादली दाखवायला घेऊन गेली, आणि मी किती मोजले ते सांगत नाही. नऊमध्ये बाईने ऐकून घेतलं आणि दार लावलं. मी बाहेरून सांगत राहिले की आकडा तेवढा बदला, हिरवं बटण, मग बाण वर. अर्ध्या तासाने आतून आवाज आला, केला. आणि बॅटरी काढून न्या, म्हणाली. तिचं काय चुकलं? पण सगळ्यांनी काढली तर पुढच्या वेळी ती वीस मिनिटं मी आणू कुठून, ती नसती तर शहर गेलं असतं. हे मी बंद दाराला सांगितलं नाही. शोभलं नसतं.

अकरा झाली. अकरा घरं साठावर आहेत, आमचं बाबांनीच केलं, बाकीची मी स्वतः बघितली, नऊ नंबरचं सोडून.

चष्मिश, तू तेव्हापासून खाली बघतोयस, म्हणजे तुला कळलंय. मावशीने मला फोनवर सांगितलं होतं ना, की बॅटरी आहे म्हणून ती निश्चिंत होती. लाईट गेली तरी दिवा राहील या भरवशावर ती त्या खिडकी नसलेल्या मोरीत गेली, आणि दिवा दोन मिनिटांत विझला. मनगट दोन ठिकाणी मोडलं. तुम्ही सगळे बॅटरीला नावं ठेवत होता, बॅटरीचं काही चुकलं नाही. बारावं घर हे आहे. ही पेटी, या भिंतीपलीकडची, आत्ता या क्षणी शून्यावर आहे.

मला काय बोलायचं ते बोल. नंतर बोल पण. मावशी काय म्हणेल ते मी उभी राहून ऐकीन. पण उद्या दुपारी परत धूळ आहे, हवामानवाल्याने या वेळी तीन वाजता सांगितलीय, आणि माझ्या जागेवर दुसरं कोणी बसलेलं असेल, त्याला घर नंबर बारा म्हणजे कोण ते माहीत नसेल. तो दाबणार, त्याला दाबावंच लागणार.

पेटी मोरीच्या बाहेर, डाव्या हाताला ना? बदलायचं मात्र तुलाच आहे, घरच्या माणसानेच. हिरवं बटण, मग बाण वर. ऊठ. साठ दिसेपर्यंत मी मावशीच्या खोलीत जात नाही.